तळ्याचं काम रिकामं राहण्याचं

नवी मुंबईत 'लेक व्ह्यू' फ्लॅट घेतलेल्या तमाम मंडळींना (त्यात आमचे दोन नातेवाईकही आले) आधी एक वाईट बातमी देते. तुमच्या गॅलरीतून दिसतो तो बहुतेक वेळा लेक नसतो. ती पावसाच्या पाण्याची वेटिंग रूम असते. सिडकोच्या भाषेत होल्डिंग पाँड, वर्तमानपत्रांच्या भाषेत धारण तलाव. आणि वेटिंग रूम आधीच भरलेली असली की नंतर आलेल्याला बाहेर उभं राहावं लागतं. इथे बाहेर म्हणजे तुमचं पार्किंग आणि तळमजल्यावरच्यांचं स्वयंपाकघर.

दर मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर शेजारच्या तळ्यावरून युद्ध पेटतं. तीन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, डास होतात, वास येतो, सरळ बुजवून टाका. दुसरा म्हणतो, छान सुशोभीकरण करा, कारंजी, दिवे, जॉगिंग ट्रॅक. तिसरा म्हणतो, निसर्ग आहे, कुणी बोटही लावायचं नाही. ग्रुपवर मी गप्प बसते, कारण या सगळ्यांना रोज लिफ्टमध्ये भेटायचं असतं :) पण इथे लिहायला कोणाची चोरी? मला तिघांशीही भांडायचंय.

आधी हे तळं करतं काय ते बघू. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी, आणि मधल्या खाजण-मिठागरांवर भराव टाकून वसवलेलं हे शहर. बराचसा भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. डोंगरावरून आलेलं पाणी नाल्यांतून खाडीत जायला हवं, पण भरतीच्या वेळी खाडीच उलटी आत यायला बघते. म्हणून नाल्याच्या तोंडाशी तळं आणि तळ्याच्या तोंडाशी झडपा. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की झडप आपोआप बंद होते आणि पाऊस तळ्यात साठतो. पाचसहा तासांनी ओहोटी लागली की आतलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. ना वीज, ना पंप. साधी आणि सुंदर योजना.

याला 'डच तंत्रज्ञान' म्हणून कौतुकाने सांगायची पद्धत आहे. सांगा बापडे. पण ठाणे-रायगडच्या खारजमिनीत भात पिकवणाऱ्या आगरी शेतकऱ्याला यात नवीन काय वाटलं असतं? त्याच्याकडे बांध होता आणि बांधात उघाडी होती. भरतीचं खारं पाणी अडवायचं, पावसाचं पाणी ओहोटीला सोडायचं. फरक एवढाच, की बांधाला खांड पडली तर आपलं शेत खारं होणार हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यामुळे बांधावर कोणीतरी लक्ष ठेवून असायचं. आपल्या तळ्याची झडप कुठल्या दिशेला आहे हे तरी आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

आता थोडं गणित. घाबरू नका, चौथीचं आहे. एक चौरस किलोमीटर वस्तीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी होतं १ लाख घनमीटर, म्हणजे १० कोटी लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर दहा हजार टँकर. आपल्याकडे जुलैत १०० मिलिमीटर ही काही आक्रीत घटना नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. सगळीकडे सिमेंट आणि डांबर, जमिनीत मुरायला वाव कमी, त्यामुळे यातलं बहुतेक पाणी नाल्यात येणार.

दुसऱ्या बाजूला १० हेक्टरचं (साधारण २५ एकर) एक तळं घ्या. त्याच्या तळाशी एक मीटर गाळ साचला. फार नाही, माणसाच्या कमरेइतका. तेवढ्याने तळ्यातली किती जागा गेली? बरोबर १ लाख घनमीटर. म्हणजे कमरेइतक्या गाळाने एक चौरस किलोमीटरवरच्या १०० मिलिमीटर पावसाची जागा गिळली. वरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. पाणी तसंच चमकतं, बगळे तसेच उभे असतात, ब्रोकर तसाच 'लेक व्ह्यू' म्हणून भाव सांगतो. तळं भरलंय की रिकामं आहे हे गॅलरीतून दिसत नाही, आणि सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे.

गाळ येतो कुठून? डोंगरातून, वर्षानुवर्षं चाललेल्या दगडखाणींतून, बांधकामांच्या मातीतून, आपल्या नाल्यांतून. तळ्यात पाणी थांबतं, आणि थांबलेल्या पाण्यातला गाळ खाली बसतो. यात कुणाचा दोष नाही, तो तळ्याचा धर्मच आहे. म्हणून गाळ काढणं ही दुरुस्ती नव्हे, ती रोजच्या केरवाऱ्यासारखी गोष्ट आहे. केर काढायचं वीस वर्षं राहून गेलं तर घरात काय होईल?

तळ्यात काय झालं ते सांगते. अनेक तळ्यांत झडपा नीट बंद होईनात, भरतीचं पाणी आत यायला लागलं, बरोबर तिवरांची फळं आली. त्यांना हवा असतो मऊ चिखल, तो तयारच होता. रोपं रुजली, मुळांनी आणखी गाळ धरला, त्यावर आणखी झाडं. आता तिथे कांदळवन आहे आणि त्याला कायद्याचं संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या ऑक्टोबरमध्ये कांदळवनं तोडायला मनाई केली आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती कायम केली. सार्वजनिक कामासाठी तोडायची तरी न्यायालयाची परवानगी लागते. हा निकाल उत्तम आहे, तो सैल करा असं मी मुळीच म्हणत नाही. मात्र तळ्यातली तिवरं दाखवून "बघा, आमचे हात बांधलेत" म्हणणाऱ्यांना एकच विचारते, ही झाडं काय एका रात्रीत उगवली? प्रत्येक झाड हा न काढलेल्या गाळाचा पंचनामा आहे.

आता तीन पक्ष.

बुजवणाऱ्यांनो, डास पाण्यामुळे होत नाहीत, तुंबलेल्या घाण पाण्यामुळे होतात. रोज दोनदा हलणाऱ्या पाण्यात डासांच्या अळ्यांचं फारसं जमत नाही. वास येतो तो पावसाच्या नाल्यात सोडलेल्या सांडपाण्याचा, आणि ते कोणाच्या तरी इमारतीतूनच येतं. तळं बुजवलंत तरी ते दहा कोटी लिटर पाणी रद्द होत नाही. ते पत्ता बदलतं. आणि नवा पत्ता दहाव्या मजल्याचा नसतो. तो जुन्या गावठाणाचा असतो, जिथली घरं बऱ्याच ठिकाणी भराव घातलेल्या सेक्टरांपेक्षा खाली राहिली आहेत. ज्यांची जमीन घेऊन शहर झालं, त्यांच्याच घरात शहराचं पाणी!

सुशोभीकरणवाल्यांनो, नेरुळच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'भोवती मीही फेऱ्या मारते. छान आहे. काठावर लोक फिरायला लागले की तळ्यावर लक्ष राहतं, हेही खरं. पण काठ म्हणजे तळं नव्हे. दिव्यांचं उद्घाटन करता येतं, फीत कापता येते, फोटो येतो. उपसलेल्या गाळाचा फोटो कोण काढणार? म्हणून पैसा दिसणाऱ्या कामाकडे वळतो आणि न दिसणारं काम 'पुढच्या वर्षी' होतं.

आणि निसर्गप्रेमी मंडळींनो, तुम्ही माझ्या बाजूची माणसं, म्हणून तुमच्यावर जास्त राग. धारण तलाव आणि पाणथळ जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तलाव हे माणसाने बांधलेलं यंत्र, त्याला सर्व्हिसिंग लागतं. पाणथळ हे खाडीचं अंग, तिला फक्त भरतीचं पाणी लागतं आणि आपण मध्ये न येणं लागतं. दोघांना एकाच मापाने मोजलंत की दोन्ही जातात.

आपल्याकडे नेमकं उलटं चाललंय. जिथे हात लावायला हवा तिथे हात बांधलेले, आणि जिथे लावू नये तिथे हात शिवशिवतात. सीवूड्सच्या बाजूची पाणथळ घ्या. ओहोटीला खाडीच्या चिखलात चरणारे फ्लेमिंगो भरतीच्या वेळी विसाव्याला तिथे येतात. त्या जागेवर गोल्फ कोर्स आणि घरं यायची होती. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने जमिनीचा वापर बदलण्याचा निर्णय रद्द केला आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. जवळच्याच डीपीएस तलावात भरतीचं पाणी यायचे मार्ग बंद झाले आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तो सुकला. त्याच दिवसांत परिसरात काही फ्लेमिंगो जखमी आणि मेलेले सापडले. शेवटी एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तो संवर्धन राखीव करायला मंजुरी दिली. चौकाचौकांत फ्लेमिंगोचे पुतळे उभारणाऱ्या शहरात जिवंत फ्लेमिंगोंच्या पाण्यासाठी एवढं झगडावं लागलं.

"मग करायचं काय ते सांग," असं आमची ताई विचारणारच, म्हणून सांगून टाकते. न्यू जर्सीला असलेल्या चुलतभावाच्या वसाहतीतही असं तळं आहे. त्याच्या देखभालीचे पैसे वर्षाच्या वर्गणीतून जातात. नाल्याच्या तोंडाशी आधी एक छोटा खड्डा आहे, जड गाळ तिथेच बसतो, तेवढाच उपसायचा. सगळं तळं खरवडायची वेळ फार उशिरा येते. हे आपल्याकडे का नको? झाडं नसलेल्या मधल्या भागातला गाळ आधी काढा. जिथे झाडं आली आहेत तिथे नीट आराखडा घेऊन न्यायालयापुढे जा. काठावरची तिवरं राहू द्या, झडपा मात्र या उन्हाळ्यात दुरुस्त करा. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली तर झडप पुरत नाही, तिथे पंप हवेतच.

आणि माझी सगळ्यात स्वस्त मागणी. प्रत्येक तळ्यात एक मोजपट्टी उभी करा. पाण्याची पातळी आणि गाळाची पातळी, दोन्ही काठावरून वाचता येतील अशी. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा तळ्याची खोली मोजा आणि आकडे काठावरच्या फलकावर लिहा. त्याला निविदा लागणार नाही, सल्लागार लागणार नाही. फक्त लाज वाटायची तयारी लागेल.

तर मंडळी, पुढच्या वेळी मत मागायला कोणी दारात आलं, किंवा सोसायटीच्या सभेत तळ्याचा विषय निघाला, तर कारंज्यांचा रंग विचारू नका. एवढंच विचारा, "गाळ किती मीटर आहे?"