जुन्या स्पीकरला ‘अपग्रेड’ नको, दुरुस्ती हवी

हल्ली एक शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. ‘अपग्रेड’. फोनचं अपग्रेड मी समजू शकतो. पण माळ्यावरून उतरवलेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या स्पीकरांचं अपग्रेड करून देतो म्हणणारे जे दुकानदार आणि व्हिडिओवाले सध्या उगवले आहेत, ते बहुतेक वेळा एक चांगली वस्तू बिघडवतात आणि वर तिचे पैसे घेतात, असं माझं स्पष्ट मत आहे. मत कडक आहे, म्हणून कारणंही सविस्तर देतो.

आधी हे स्पीकर आपल्या घरांत आले कसे ते आठवा. सत्तर-ऐंशीच्या दशकांत रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांतून आणि मुंबईच्या मोहल्ल्यांतून माणसं कुवेत, बहरीन, दुबई, सौदीला गेली. आपल्याकडे तेव्हा परदेशी वस्तूंच्या आयातीवर कडक बंधनं होती. सुट्टीवर येणारा माणूस टू-इन-वन तर आणायचाच. ज्याचं जरा बरं चाललं होतं तो अ‍ॅम्प्लिफायर, कॅसेट डेक आणि लाकडी खोक्यांतले दोन स्पीकर घेऊन यायचा. सान्सुई, पायोनियर, अकाई, टेक्निक्स ही नावं ज्यांनी कधी शाळेचं तोंड पाहिलं नाही अशा म्हाताऱ्यांनाही पाठ होती. १९९१ नंतर बाजार खुला झाला, मग सीडी आली, मग फोन आला. स्पीकर आधी कोपऱ्यात सरकले, मग त्यांच्यावर टेबलक्लॉथ आणि फुलदाणी आली, आणि शेवटी ते माळ्यावर गेले. वाळवंटात कुणीतरी ओव्हरटाइम करून घेतलेली ती वस्तू होती, एवढंच लक्षात ठेवून पुढे जाऊ.

आता नातवंडं ते खाली उतरवतात याचा मला आनंदच आहे. पण लावल्यावर आवाज फाटका येतो, वूफर घरघरतो. पोरगा जाळी काढून बघतो तर कडेची फोमची रिंग बोट लावताच चिकट भुगा होऊन हाताला येते. मग तो दुकान गाठतो. मीही अशाच एका नात्यातल्या मुलाबरोबर एका दुकानात गेलो होतो. काउंटरवरच्या तरुणानं स्पीकर उघडूनसुद्धा पाहिला नाही. म्हणाला, “अंकल, कागदाचा वूफर आहे, आउटडेटेड. गाडीत बसतो तो सबवूफर टाकू, नवीन ट्वीटर टाकू, रेडिमेड क्रॉसओव्हर टाकू, बेससाठी मागे एक होल मारू. ब्लूटूथ फ्री.” आकडा सांगितला १४,०००. मुलगा तयारच होता. मी त्याला हाताला धरून बाहेर काढलं.

त्या एका वाक्यात किती चुका आहेत ते बघा.

स्पीकर म्हणजे खोक्यात बसवलेला वूफर नव्हे. वूफर, खोकं आणि क्रॉसओव्हर हे तिन्ही मिळून एक हिशोब असतो. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी एआर-१ नावाचा स्पीकर आणला. त्यात वूफरची कड मुद्दाम सैल ठेवली होती आणि खोकं हवाबंद. आत कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखी पडद्याला मागे ओढायची. त्यामुळे लहानशा खोक्यातून खोल बेस मिळाला. अशा खोक्याला तुम्ही भोक पाडलंत की स्प्रिंगच तोडलीत. पडदा वाऱ्यावर फडफडणाऱ्या पत्र्यासारखा हलतो, बेस भसाभस येतो पण स्वर ओळखू येत नाही. ढोलक आहे की कुणी पिंप बडवतंय ते कळू नये, असा. मूळ भोक असलेली खोकीही होतीच. पण त्यांचं भोक किती रुंद, नळी किती लांब हे वूफर आणि खोक्याच्या आकारमानावरून ठरतं. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात हे गणित नीट मांडून ठेवलं आहे, आणि आज ते सोडवणारी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. काउंटरवरच्या मुलाकडे मात्र फक्त ड्रिल मशीन होतं.

दुसरी गोष्ट गाडीच्या सबवूफरची. त्याचा पडदा जड, कड ताठ. गाडीच्या बंद डब्यात आणि शेकडो वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरवर तो बरा चालत असेल. त्या काळच्या घरगुती वूफरचा पडदा हलका असायचा, कारण अ‍ॅम्प्लिफायर तीस-चाळीस वॅटचे होते. समजा जुना स्पीकर एका वॅटला ९२ डेसिबल देतो आणि नवा ८५. फरक सातचाच दिसतो, पण तेवढाच आवाज काढायला पाचपट ताकद लागते. जिथे ३० वॅट पुरत होते तिथे १५०. बिचारा जुना अ‍ॅम्प्लिफायर तेवढं देऊ शकत नाही. आवाज वाढवला की त्याच्या लहरींची टोकं छाटली जातात आणि त्या छाटलेल्या आवाजानं आधी जळतो तो ट्वीटर. शिवाय गाडीचे वूफर बहुधा चार ओहमचे, घरचे आठचे. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरवर दुप्पट करंटचा बोजा. सहा महिन्यांनी अ‍ॅम्प्लिफायर तापून बसला की दुकानदार म्हणणार, आता अ‍ॅम्प्लिफायरही अपग्रेड करा.

रेडिमेड क्रॉसओव्हरचं तर विचारूच नका. ट्वीटरच्या वाटेवर साधा एक कपॅसिटर असतो. चार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि आठ ओहमचा ट्वीटर असेल तर साधारण ५,००० हर्ट्‌झच्या खालचे सूर तो ट्वीटरपासून दूर ठेवतो. तोच तीनचा केलात तर हा आकडा ६,६०० च्या आसपास जातो आणि मधल्या मध्ये आवाजाला खड्डा पडतो. कुठल्याही वूफरला आणि कुठल्याही ट्वीटरला चालणारा क्रॉसओव्हर म्हणजे कुणाच्याही डोळ्यांना चालणारा चष्मा.

आणि कागदाचा एवढा तिरस्कार कशासाठी? यामाहाचा एनएस-१० हा पांढऱ्या कागदी पडद्याचा स्पीकर १९७८ मध्ये घरगुती म्हणून बाजारात आला आणि पुढे जगभरच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत मिक्सिंगच्या टेबलावर जाऊन बसला. २००१ मध्ये कंपनीनं तो बंद केला, कारण त्या पडद्यासाठी लागणारा लगदा मिळेनासा झाला. कंपनी दुसरा कुठला तरी लगदा वापरू शकली असती, पण मग तो स्पीकर तोच राहिला नसता. ही समज जपानी कारखान्याला होती. आमच्या काउंटरवाल्याला कागद म्हणजे रद्दी वाटते.

मग जुन्या स्पीकरमध्ये बिघडतं तरी काय? फार थोडं. कडेचा फोम, कारण तो पॉलियुरेथेनचा असतो आणि दमट हवेत तो आपोआप विरघळत जातो. कोकणच्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, जे आतून सुकतात आणि ज्यांचं मूल्य सरकतं. मागच्या बाजूचे आवाज कमी-जास्त करणारे कंट्रोल, जे खाऱ्या हवेनं गंजून खरखरतात. तारांची टोकं, ज्यांवर हिरवं चढतं. वूफर आणि खोक्यामधली सुकलेली गॅस्केट. चुंबक, पडदा, कॉइल आणि लाकूड, म्हणजे ज्यावर खरा पैसा गेलेला असतो, ते बहुतेक वेळा शाबूत असतं. कॉइल जळली असेल किंवा पडद्याला वाळवी लागली असेल तर गोष्ट वेगळी.

आणि ही दुरुस्ती करणारे लोक आहेत. मुंबईच्या गल्ल्यांत, कोल्हापुरात, मालेगावात, एखाद्या टपरीएवढ्या जागेत बसून स्पीकरची कॉइल भरणारे. अशा एका चाचांचं काम मी दुपारभर बसून पाहिलं आहे. जुना फोम आणि गोंद ब्लेडनं खरवडून काढायलाच त्यांना तास लागला. मग मधली टोपी अलगद कापून कॉइल आणि चुंबकाच्या फटीत एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या सरकवल्या, म्हणजे कॉइल बरोबर मध्यावर राहते. नवी रिंग चिकटवली आणि रात्रभर तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी दीड व्होल्टचा सेल लावून पडदा बाहेर येतो की आत जातो ते पाहिलं, दोन्ही स्पीकर एकाच बाजूला हलायला हवेत म्हणून. हातानं पडदा दाबून कान लावला, कुठे घासत नाही ना. दोन वूफरचे २,००० रुपये. आणि त्यांच्या समोर उभं राहून एक भलं गिऱ्हाईक घासाघीस करत होतं, “चाचा, नुसतं चिकटवायचं तर आहे!”

माझा खरा राग इथे आहे. एसी दुकानात १४,००० रुपये देताना आपण आवाज चढवत नाही, कारण तिथे काचेचा काउंटर आहे आणि इंग्रजी शब्द आहे. टपरीत मात्र आपल्याला भाव माहीत असतो. कारागिरी आमच्या समाजाची ओळख आहे म्हणून भाषणं ठोकणारेही याच रांगेत असतात. स्वतःचा मुलगा या धंद्यात यावा असं त्या चाचांना वाटत नाही; तो डिलिव्हरी करतो. फोम लावायला शिकणारं उद्या कुणी उरलं नाही तर त्याला चिनी सबवूफर जबाबदार नसेल, आपली ती घासाघीस असेल.

आता दुसऱ्या टोळीकडे वळतो, कारण तीही काही कमी नाही. हे जुन्याचे पुजारी. ‘ओरिजिनल’ला हात लावायचा नाही, सुकलेला कपॅसिटरही बदलायचा नाही, आणि मग हजारो रुपयांची केबल आणून त्यातून ‘मोकळा’ आवाज ऐकायचा. घरातल्या चार-पाच मीटर अंतराला बऱ्यापैकी जाड तांब्याची साधी वायर पुरते. कपॅसिटर मात्र बदलायलाच हवेत, त्याच मूल्याचे. महागडे फिल्म कपॅसिटर टाकायचे असतील तर एक लक्षात ठेवा: जुन्या कपॅसिटरला स्वतःचा थोडा रोध होता आणि काही डिझाइनरांनी तो हिशोबात धरलेला होता. तो गेला की ट्वीटर थोडा चढा वाजतो. अशा वेळी ओहमच्या अंशाचा एक रेझिस्टर जोडावा लागतो, तो दहा-वीस रुपयांत मिळतो.

हेही सांगून टाकतो की गल्फमधून आलेला प्रत्येक स्पीकर काही मोठा नव्हता. त्यातले कित्येक दिखाऊ होते: पुढे लाकडाची सुरेख जाळी, आत पाच-सहा स्पीकर कोंबलेले, आवाज मात्र गोंधळलेला. दुरुस्त करूनही तो तुम्हाला आवडला नाही तर न मोडता, आहे तसा विका आणि त्या १४,००० रुपयांत भर घालून नवे स्पीकर घ्या. आज त्या किमतीच्या आसपास चांगले छोटे स्पीकर मिळतात. नवं घ्यायला माझा विरोध नाही. जुन्याच्या पोटात नवं कोंबून दोन्हींची माती करायला आहे.

दुरुस्तीनंतर पैसे न लागणारी एक गोष्ट करा. स्पीकर जमिनीवरून उचला, कान आणि ट्वीटर एका उंचीवर आणा, आणि भिंतीच्या कोपऱ्यातून हातभर बाहेर ओढा. कोपरा बेस फुगवतो आणि गाणाऱ्याचा गळा झाकतो. मग बेगम अख्तर लावा. त्यांचा सूर वर जाता जाता जिथे किंचित तडकतो, ती जागा ऐका. ती ना गाडीच्या सबवूफरमध्ये आहे ना चकचकीत ट्वीटरमध्ये. ती मधल्या सुरांत आहे, आणि तो हलका कागदी पडदा नेमका तिथेच हुशार असतो. अपग्रेडवाले खाली धमधम आणि वर छनछन वाढवून देतात, आणि माणसाचा आवाज मध्ये चेपला जातो.

ज्यांना तरीही दुकानातच जायचं आहे त्यांनी तिथे विचारावं: खोकं किती लिटरचं आहे? नव्या वूफरची संवेदनशीलता किती? क्रॉसओव्हर कुठल्या फ्रिक्वेन्सीचा? उत्तर आलं नाही तर स्पीकर उचलून घरी आणा. आणि काम करून घेतलंच तर काढलेला जुना वूफर पिशवीत घालून परत मागा. दुकानदार म्हणेल, “भंगार आहे, राहू द्या इथेच.” तोच वूफर आठवड्याभरात ऑनलाइन विक्रीला लागतो, आणि त्याच्या फोटोखाली लिहिलेलं असतं: व्हिंटेज, ओरिजिनल, फिक्स्ड प्राइस.