इंजिन बसलं, पण वारं कुठनं घेणार?

आज पिकाचं काही नाही. आज जीपगाड्यांवरनं भांडायचंय.

जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन टाकायचं खूळ आपल्याकडं नवं नाही, आणि ते खूळ आहे असंही मी म्हणणार नाही. चेसी ठणठणीत, फोर व्हील चालू, फक्त पेट्रोल पाजणं परवडत नाही. मग जुन्या बाजारातनं बोलेरोच्या जातीचं डीआय इंजिन आणायचं आणि बसवायचं. दूध, खत, वैरण, गडी, सगळं तीच ओढते. आरटीओची आधी परवानगी घ्या, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ५२ त्यासाठीच आहे. नाहीतर अपघात झाल्यावर विमावाला पहिला प्रश्न इंजिन नंबरचा विचारतो. त्यावर जास्त बोलत नाही.

माझा राग एका वाक्यावर आहे. "डिझेल टाकलंय म्हणल्यावर गरम होणारच की!"

का होणार? तेच इंजिन कंपनीच्या गाडीत ऐन मे महिन्यात आठ-नऊ माणसं घेऊन खंबाटकी चढतं आणि काटा जागचा हलत नाही. तुमच्या जीपमध्ये आलं की दुसऱ्या गिअरवर बांध ओलांडेपर्यंत उकळतं. इंजिनाचा स्वभाव बदलला का? बदलली ती त्याच्या तोंडापुढची जागा. आणि ती जागा कुणी मोजलेलीच नसते.

मिस्त्री काय करतो बघा. गिअरबॉक्स जुळला की माउंटिंगच्या पट्ट्या वेल्डिंग करून इंजिन बसवून टाकतो. मग पुढं बघतो तर पंखा रेडिएटरला टेकायला आलेला. मग सुरू होतो उद्योग. कुणी पंख्याची पाती कापतो. कापलेली पाती तोलात राहत नाहीत, वॉटर पंपाचं बेअरिंग जातं, आणि एखादं पातं तुटलं तर सरळ रेडिएटरच्या जाळीत घुसतं. कुणी चार सूत फट ठेवून म्हणतो, "बसलं की!" उभ्या गाडीत बसलंय रे बाबा. क्लच सोडला, चाक दगडावरनं आदळलं, जोरात ब्रेक मारला, की इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं. रेडिएटर चेसीला धरलेला, तो हलत नाही. इंजिनावरच्या पंख्यापुढं निदान एक इंच मोकळं पाहिजे, आणि माउंटिंग जुनी असतील तर त्याहून जास्त.

आता फॅन कव्हरचं. पंख्याभोवती पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं कडं असतं ना, ते. निम्म्या बदललेल्या जीपमध्ये ते भंगारात गेलेलं असतं, कारण "अडचण करत होतं". अहो, पंखा गोल आणि रेडिएटर चौकोनी. कव्हर नसलं की पंखा फक्त आपल्यासमोरच्या गोलातनं हवा ओढतो, चारी कोपरे कोरडे. त्यातही निम्मी हवा जाळीतनं येत नाही, पात्यांच्या टोकांवरनं इंजिनाचीच गरम हवा वळून परत येते. उसाच्या फडात, डांबरी सोडून पाणंदीत, गाडी चालते ताशी दहाच्या वेगानं. हमरस्त्यावर समोरून येणारं वारं पंख्याची चूक झाकतं, शेतात कोण झाकणार? पात्यांची रुंदी अर्धी कव्हरच्या आत, अर्धी बाहेर, आणि टोकाभोवती अर्धा ते एक इंच जागा. पत्र्याचं काम करणारा कुणीही हे दिवसभरात करून देईल.

जागाच नसेल तर इलेक्ट्रिक पंखा लावा, मी विरोधात नाही. पण तो रेडिएटरच्या इंजिनाकडच्या बाजूला, हवा ओढणारा. पुढनं ढकलणारा पंखा स्वतःच वाऱ्याच्या वाटेत उभा राहतो. मागं जागाच नसेल तरच तो. जाळीतनं प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा बांधणाऱ्याला तर दुकानाची पायरी चढू देऊ नका. गाडीच्या थरथरीनं त्या पट्ट्या नळ्या कापतात. रिले, फ्यूज आणि जाड वायर पाहिजेच. असा पंखा दहा-पंधरा अँपिअर सहज खातो, आणि जुन्या जीपचा डायनॅमो कमी फिरण्यावर तेवढं देत नाही. वायर उलटी जोडली तर पंखा उलटा फिरतो, आवाज तेवढाच करतो. पारखायचं सोपं आहे: पुढच्या जाळीवर वहीचा कागद धरा. चिकटला तर बरोबर, उडाला तर मिस्त्रीला परत बोलवा.

थर्मोस्टॅट काढून फेकायचा सल्ला तर प्रत्येक टपरीवर फुकट मिळतो. त्यानं थंडीत इंजिन तापत नाही, डिझेल जास्त खातं, झीज वाढते. आणि ज्या इंजिनांत बायपास आहे तिथं पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आतच फिरत बसतं. उकळणं थांबावं म्हणून काढला, तर तेच वाढायचं! तसंच नवं इंजिन उंच आणि रेडिएटरचं तोंड खाली असं झालं की वर हवा कोंडते. मग पाणी भरलेलं दिसतं, पण डोक्यात नसतं. सगळ्यात उंच जागी हवा काढायची सोय पाहिजे.

मालकांनाही सोडणार नाही. पंचवीस-तीस हजारांचे टायर घालतील, पुढं लोखंडी बंपर, त्यावर चार दिवे, मधोमध दादांच्या नावाची पाटी. वारं आत शिरणार कुठनं, दादांच्या परवानगीनं? आणि फॅन कव्हरला हजार-दोन हजार म्हटलं की, "बघू पुढच्या हंगामाला."

गेल्या चैत्रात आमच्या शेजारच्या वस्तीवरची अशीच एक जीप दुधाचे कॅन घेऊन चढावर उकळली. कव्हर नव्हतं, पंखा एका बाजूला सरकलेला. पोरगं विशीतलं, घाईत रेडिएटरची कॅप उघडली. बंद कॅपमागं पाणी दाबात असतं, शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. कॅप फिरवली की त्याच क्षणी वाफ होऊन उसळतं. हात कोपरापर्यंत भाजला. हेड वाकलं ते वेगळंच. मिस्त्रीचं म्हणणं काय? "चालवणाऱ्याला कळायला नको का!"

म्हणून यंदा ज्यांचं काम चाललंय त्यांनी एवढं करा. इंजिन अजून साखळीला लटकलेलं असतानाच टेप लावायला सांगा. पंखा, कव्हर, रेडिएटर तिन्ही जागेवर धरून. रेडिएटरच्या कडांना जुन्या ट्यूबची पट्टी लावून घ्या म्हणजे हवा बाजूनं पळणार नाही. आणि निम्मे पैसे हातात ठेवा. दुपारी दोनला गाडी भरून चढावर घ्या, मग सावली न शोधता अर्धा तास चालू उभी ठेवा. काटा मधे राहिला तर उरलेले पैसे द्या, वर चहाही पाजा.