कायदा खुंट्याला हवा, उडीला नको

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक पाटी आहे. तिच्यावर लिहिले आहे : 'आवारात खेळण्यास, झाडावर चढण्यास व माती कालवण्यास सक्त मनाई आहे.' यातला तिसरा गुन्हा वाचून नवखा माणूस थबकतो. माती कालवण्यात कसला आला आहे गुन्हा? पण दिवाळीच्या सुट्टीत मुले किल्ला करतात आणि किल्ला मातीवाचून होत नाही. तेव्हा किल्ल्याला बंदी घालायची तर मातीलाच घालावी, असा आमच्या कमिटीने सुज्ञ विचार केला. या पाटीचा जन्म मी डोळ्यांनी पाहिला आहे. तो सांगितल्यावाचून मला पुढचे भांडण भांडता यायचे नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबर महिना, परतीच्या पावसाचे दिवस. शेजारच्या बिऱ्हाडात वाढदिवस होता आणि त्यासाठी भाड्याने हवेचा किल्ला आणला होता. मुले त्याला 'जंपिंग' म्हणतात. लाल-पिवळे बुरूज, दारावर एक हसरा उंदीर, मागे घरघरणारा पंखा, आणि आत पंधरा-वीस पोरे लाह्यांसारखी उडताहेत. दृश्य मोठे गोजिरे होते. मीही कौतुकाने पाहत उभा राहिलो.

परंतु मी तीस वर्षे शाळेत व्यायामशिक्षक होतो. मुलांच्या शिबिरांत तंबू ठोकता ठोकता माझी हयात गेली. त्यामुळे कापडाचे काहीही उभे दिसले की माझी नजर आधी खुंट्यांकडे जाते. येथे खुंटाच नव्हता! एक दोरी कोणाच्या स्कूटरच्या स्टँडला, दुसरी गटाराच्या झाकणाच्या कडीला, तिसरी एकावर एक ठेवलेल्या दोन विटांना बांधलेली. चौथी नुसतीच जमिनीवर लोळत पडलेली. मी पंख्यापाशी बसलेल्या पोऱ्याला विचारले, "अरे, खुंटे कुठे आहेत?" तो म्हणाला, "आजोबा, खाली फरशी. खुंटा ठोकू कुठे? आणि काही होत नाही हो. पंखा चालू आहे ना!"

काही होत नाही! वाचकहो, हे तीन शब्द आपल्या राष्ट्राच्या बोधचिन्हाखाली कोरायला हरकत नाही.

साडेपाचच्या सुमारास पावसाआधीचा वारा सुटला. विटांच्या बाजूचा कोपरा कमरेइतका वर उचलला गेला आणि आतली सारी पोरे घसरून दुसऱ्या भिंतीशी एकमेकांवर जाऊन पडली. सर्वांत खाली माझी पाच वर्षांची नात होती. तिचे मनगट मोडले. पुढच्या क्षणी वारा पडला, किल्ला पुन्हा खाली बसला, एवढेच आमचे नशीब. कंत्राटदाराने पंखा बंद केला, किल्ल्याची घडी घातली, उरलेले भाडे मागून घेतले आणि तो निघून गेला.

आठवड्याने कमिटीची सभा भरली. मुलांच्या सुरक्षिततेवर दीड तास चर्चा झाली आणि ठराव झाला तो वर सांगितलेल्या पाटीचा. मातीचा किल्ला बंद, चिंचेवर चढणे बंद, लगोरी बंद. हवेच्या किल्ल्याविषयी ठरावात अवाक्षर नव्हते. पुढल्या वर्षी सोसायटीच्याच वार्षिक समारंभात तोच कंत्राटदार, तोच उंदीर आणि, मी जाऊन पाहिले, त्याच विटा!

माझे भांडण आहे ते या उफराट्या न्यायाशी. मुलांच्या खेळात सरकारने पडावे की पडू नये, असा वाद निघाला की आपल्याकडे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सगळे बंद करा. दुसरा म्हणतो, आम्ही नाही का झाडावरून पडलो, आम्ही नाही का जगलो? दोघेही एकाच ठिकाणी चुकतात. धाडस आणि धोका या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ते पाहत नाहीत.

सूरपारंब्या खेळणारा मुलगा फांदीवर पाय टाकण्याआधी ती दाबून पाहतो. आपल्याला किती उंच जमेल हे त्याचे त्यालाच ठाऊक असते. भीती वाटली की तो उतरतो. हे धाडस. ते त्याच्या डोळ्यांसमोर आहे, त्याच्या हातात आहे, आणि त्यातून तो शहाणा होतो. नॉर्वेतील संशोधिका एलन सँडसेटर यांनी २००७ साली मुलांच्या साहसी खेळांचे सहा प्रकार मांडले : उंची, वेग, धारदार हत्यारे, आगपाण्याची जवळीक, कुस्ती-झोंबाझोंबी आणि एकट्याने दूर भटकणे. यादी वाचून मला हसू आले. आमचे अख्खे बालपण त्या सहा ओळींत मावत होते! डेन्मार्कमध्ये १९४३ साली, ऐन महायुद्धात, कोपनहेगनजवळच्या एमड्रुप येथे सोरेनसेन नावाच्या वास्तुरचनाकाराच्या कल्पनेतून भंगार, फळ्या आणि हातोड्या यांचे क्रीडांगण उघडले. मुलांनी तेथे आपापली घरे बांधावी, मोडावी, पुन्हा बांधावी. पुढे लेडी अ‍ॅलन यांनी ती कल्पना इंग्लंडात नेली. म्हणजे मुलांच्या हाती हातोडी देणारे लोक काही अडाणी नव्हते.

आता हवेच्या किल्ल्याकडे पाहा. आत उडणाऱ्या पाच वर्षांच्या पोरीला खुंटे दिसतात काय? दोरीला किती ताण बसतो, वारा किती सुटला आहे, हे तिने कसे ओळखावे? तिच्या दृष्टीने ती गादीवर उडते आहे. वास्तविक तो किल्ला म्हणजे एक भले मोठे शीड आहे. भिंती उंच, वजन थोडे. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. हा धोका मुलापासून लपलेला आहे, तो पैसे घेणाऱ्याने निर्माण केलेला आहे, आणि तो आवरणे केवळ त्याच्याच हाती आहे. असल्या जागी कायदा नसेल तर कायदा असावा तरी कशासाठी?

सणासुदीला अशुभ लिहू नये म्हणतात. तरी दोन गोष्टी सांगतो. इंग्लंडातील हार्लो गावी २०१६ च्या ईस्टरमध्ये असाच एक किल्ला वाऱ्याने उडाला आणि आतली सात वर्षांची मुलगी गेली. वाऱ्याचा इशारा हवामानखात्याने दिलेला होता. २०१८ साली तो किल्ला चालवणाऱ्या दोघांना तीन-तीन वर्षांची शिक्षा झाली. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर डेव्हनपोर्ट येथे १६ डिसेंबर २०२१ रोजी एका प्राथमिक शाळेचा वर्षअखेरचा आनंदमेळा होता. किल्ला हवेत उचलला गेला आणि सहा मुले दगावली. जॉर्जिया विद्यापीठाच्या हवामानशास्त्रज्ञांनी २००० ते २०२१ पर्यंतचे जगभरचे असे वाऱ्याचे अपघात मोजले, तेव्हा निदान २८ मृत्यू आणि ४७९ जखमी एवढी नोंद सापडली.

यावर कोणी चतुर गृहस्थ म्हणतील, डेव्हनपोर्टचा किल्ला चालवणारी बाई २०२५ मध्ये निर्दोष सुटली, ते विसरलात काय? विसरलो नाही. आठ जागी खुंटे हवे होते, चारच होते, असे सरकारपक्षाचे म्हणणे होते. परंतु अकस्मात उठलेल्या वावटळीपुढे आठ खुंटेही टिकले नसते, असे न्यायालयाला दिसले. दैवाला कायदा बांधू शकत नाही, हे मला मान्य आहे. पण तेथे 'चार की आठ' हा प्रश्न न्यायालयात विचारता तरी आला! आमच्या आवारात तो विचारायचा कोणी आणि कोणाला? आमच्या दोन विटा कोणत्या आकड्याशी ताडून पाहायच्या?

असा आकडा असू शकतो. इंग्लंडच्या सरकारी सुरक्षाखात्याच्या सूचना सांगतात : किल्ल्याला निदान सहा ठिकाणी बांध हवा, लोखंडी खुंटा ३८० मिलिमीटर, म्हणजे सव्वा फूट लांब हवा, खाली फरशी असेल तर प्रत्येक दोरीला १६३ किलो वजन बांधावे, आणि वारा ताशी ३८ किलोमीटरच्या वर गेला की मुले खाली उतरवावी. पालवी फुटलेली लहान झाडे डुलू लागली की वारा या मर्यादेच्या आसपास आला असे समजावे. आमच्या दोन विटांचे वजन पाच-सहा किलो भरले असते.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. एक कायदा वाढला की एक इन्स्पेक्टर वाढतो, आणि एक इन्स्पेक्टर वाढला की एक पाकीट वाढते. ही भीती खोटी म्हणण्याचे धाडस या वयातही मला होत नाही. म्हणूनच माझे मागणे असे, की कायदा कचेरीतल्या कपाटात नको, किल्ल्याच्या दारावर हवा. खुंटे किती, मुले एका वेळी किती, लहान-मोठी एकत्र न सोडणे, वाऱ्याची मर्यादा, गेल्या तपासणीची तारीख आणि मालकाचे नाव, एवढे मोठ्या मराठी अक्षरांत तेथे लिहिलेले असावे. मग प्रत्येक आजी इन्स्पेक्टर होईल. आणि आजीला पाकीट देण्याची कोणाची प्राज्ञा आहे?

हीच फूटपट्टी आपल्या दहीहंडीला लावून पाहा. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने हंडीला २० फुटांची मर्यादा घातली आणि १८ वर्षांखालील मुलांना थरांवर चढण्यास बंदी केली. पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला, आणि २०१७ मध्ये उंचीची अट उठून १४ वर्षांखालील मुलांना बंदी एवढे उरले. परंपरेवर घाला आला म्हणून केवढा गदारोळ उठला! मला गोविंदा प्रिय आहे. पण सर्वांत वरच्या थरावर चढणारे लहानगे पोर किती उंच जायचे हे स्वतः ठरवत नसते. ते ठरवते बक्षिसाची रक्कम आणि ध्वनिक्षेपकावरचा गृहस्थ. जेथे उंची मुलाने ठरवायची, तेथे सरकारने दूर राहावे. जेथे ती दुसऱ्याच्या लाभासाठी ठरते, तेथे सरकारने जरूर आडवे यावे.

माझ्या नातीचे मनगट महिन्याभरात बरे झाले. मागल्या दिवाळीत ती म्हणाली, "आजोबा, किल्ला करायचा." मी पाटीकडे बोट दाखवले. तिने पाटी मोठ्याने वाचली आणि विचारले, "पण हा किल्ला कुठे उडतो?" या प्रश्नाला आमच्या कमिटीपाशी उत्तर असेल तर मला हवे आहे.

आपल्यात 'हलवून खुंटा बळकट करणे' असा एक वाक्प्रचार आहे. तो या दिवाळीत शब्दशः खरा करावा. आवारात हवेचा किल्ला उभा राहिला तर मुलांना आत सोडण्याआधी प्रत्येक खुंटा स्वतः हलवून पाहा आणि मोजा. कमी भरले तर भाडे बुडाले तरी चालेल, पण पंखा बंद करायला लावा. आणि मुलांनी मातीचा किल्ला मांडला तर पाटीकडे पाठ करून त्यांना पाणी आणून द्या. मी या वर्षी माती आणून ठेवली आहे. दंड करायचा असेल तर कमिटीने तो माझ्या नावावर मांडावा.