पितामहांचे ऋण आणि ओंजळभर पाणी

भाद्रपदी पौर्णिमा सरली की पितृपंधरवडा सुरू होतो आणि सर्वपित्री अमावास्येपर्यंत घरोघरी महालयाची लगबग चालते. गिरगावातील वाड्यांत, दादरच्या जुन्या इमारतींत, परळ-लालबागच्या चाळींत या दिवसांत खीर-वड्यांचा स्वयंपाक होतो, गच्चीवर काकबळी ठेवून कावळ्याची वाट पाहिली जाते, आणि वाळकेश्वरच्या बाणगंगेवर तीळपाणी देणाऱ्यांची दाटी होते. हा आचार टिकून आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ज्यांच्या नावाने हे सारे करावयाचे, त्यांच्याविषयी घरातील मुलांना काय ठाऊक असते? नाव, गोत्र आणि भिंतीवरील तसबीर यांपलीकडे बहुधा काही नाही. आजोबांनी पोटासाठी काय केले, कोणत्या श्रमाने हे घर उभे राहिले, याचा उच्चार श्राद्धाच्या दिवशी सहसा होत नाही. तो झाला पाहिजे; त्यावाचून श्राद्ध अपुरे राहते, असे आमचे नम्र मत आहे.

‘श्राद्ध’ हा शब्द श्रद्धेपासून झाला आणि ‘तर्पण’ हा ‘तृप्’ म्हणजे तृप्त करणे या धातूपासून. तर्पणात पिता, पितामह आणि प्रपितामह या तिघांचा उच्चार अनुक्रमे वसू, रुद्र आणि आदित्य या रूपांनी होतो. आता, तीनच पिढ्या का? शास्त्रकारांनी याची मीमांसा सपिंडतेच्या अंगाने केलेली आहे. पण त्यात एक व्यवहाराचे मर्मही दडलेले दिसते. पित्याला आपण पाहिलेले असते, पितामहाला बहुधा पाहिलेले असते, आणि प्रपितामहाविषयी त्यांना पाहिलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलेले असते. मानवी स्मृतीची धाव साधारण एवढीच. तेव्हा नातवाने जर सांगितले नाही, तर एका दीर्घ आयुष्याची कहाणी त्याच्याबरोबरच संपते. म्हणून आमच्या पितामहांविषयी येथे चार शब्द लिहितो. ते कोणी थोर पुरुष नव्हते; आणि लिहावयाचे ते याचसाठी.

आमचे आजोबा मुंबई महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. 1901 चा त्यांचा जन्म. तळकोकणातून बोटीने मुंबईस आले, लालबागच्या एका चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहिले आणि 1959 साली सेवानिवृत्त झाले. चावीवाला म्हणजे काय, हे आजच्या मुलांस सांगावे लागेल. रस्त्याखालून पाण्याचे मोठे नळ गेलेले असतात. त्यांवर ठिकठिकाणी झडपा असतात आणि झडपेवर लोखंडी झाकण. पुरुषभर उंचीची, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची चावी त्यात उतरवून, दोन्ही हातांनी फिरवून एका भागाचे पाणी सोडावयाचे, दुसऱ्याचे बंद करावयाचे. फेरे मोजून द्यावे लागतात. घाईने उघडली वा बंद केली तर पाण्याचा धक्का बसून नळ फुटतो. कमी फेरे दिले तर टेकाडावरच्या वस्तीस पाणी चढत नाही. मलबार हिलच्या माथ्यावर हँगिंग गार्डनखाली, माझगावास भंडारवाड्यावर, परळ-शिवडीकडे गोलंजी टेकडीवर जलाशय आहेत. तेथपर्यंत आलेले पाणी घरोघरच्या नळापर्यंत नेणारा शेवटचा हात तो हा.

गिरणगावात पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी बायकांना पाणी भरून ठेवावे लागे. त्यामुळे आजोबांचा दिवस पहाटे तीनला सुरू होई. स्नान करून, तुळशीमाळेला हात लावून, कपाळी बुक्का रेखून ते चावी खांद्यावर टाकून बाहेर पडत. ‘‘काकडआरती देवळात होते तेव्हा माझी रस्त्यावर चालू असते,’’ असे ते हसून म्हणत. एकदा एका इमारतमालकाने रोज दहा मिनिटे जास्त पाणी सोडावे म्हणून नोटा पुढे केल्या. आजोबांनी हात जोडले आणि ‘‘पाणी माझे असते तर फुकट दिले असते, ते माझे नव्हे,’’ एवढेच म्हणाले. आमची आजी पुष्कळदा रागावे, की चावी नवऱ्याच्या हाती आणि आमच्याच कोंडाळ्याला करंगळीएवढी धार! पण आपल्या चाळीला त्यांनी कधी एक फेरा अधिक दिला नाही.

संस्कृतात पाण्याचा वाचक ‘अप्’ हा शब्द नित्य बहुवचनी आहे. त्याला एकवचनच नाही. पाणी एकट्याचे नसते, हे व्याकरणही जणू सांगते. अमरकोशात पाण्याच्या नावांमध्ये ‘जीवन’ही आहे आणि ‘अमृत’ही. आम्ही हे सारे पाठशाळेत वर्षानुवर्षे घोकून शिकलो. आजोबांना अक्षरओळख बेताची. त्यांनी ते चावीच्या दांड्यावर शिकले.

आजोबा विठ्ठलभक्त. परंतु चाकरीच्या काळात आषाढीला त्यांना पंढरपूर कधीच घडले नाही. पावसाळ्यात नळ फुटण्याची, गढूळ पाणी शिरण्याची धास्ती. रजा मागावी कशी? काम आटोपून ते चालत वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरी जात आणि रांगेत उभे राहत. मुंबईकर त्या स्थानास प्रतिपंढरपूर म्हणतातच. निवृत्तीनंतर मात्र पंचवीस वर्षे त्यांनी पंढरीची वारी चुकवली नाही. कीर्तनाचे वेड आम्हांला त्यांनीच लावले. गिरगावात झावबांच्या राममंदिरी वा दादरला कोठे बुवांचे कीर्तन असले की ते नातवाचा हात धरून निघत. परतताना रात्री रस्ता निवांत झालेला असे. मध्येच एखाद्या झाकणापाशी ते थांबत, खाली बसून कान लावीत. नोकरीत असताना रात्री लोखंडी सळई नळावर टेकवून, दुसरे टोक कानाशी धरून ते जमिनीखालची गळती ऐकत असत; ती सवय सुटली नव्हती. ‘‘आत पाणी रडते आहे,’’ असे म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत जाऊन सांगून येत. निवृत्त माणसाला हे कोणी सांगितले होते? श्रवणभक्ती ही नवविधा भक्तीतील पहिली. तिचे पहिले प्रात्यक्षिक आम्ही लालबागच्या रस्त्यावर पाहिले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

1993 साली, ब्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. वर्तमानपत्रात निधनवार्ता द्यावयाची ठरली तेव्हा एका आप्ताने मजकूर लिहिला : ‘महापालिकेचे निवृत्त अधिकारी’. हेतू वाईट नव्हता. घरात लग्नाच्या मुली होत्या. आमच्या वडिलांनी तो शब्द खोडला आणि स्वहस्ते ‘पाणीखात्यातील निवृत्त चावीवाले’ असे लिहिले. ‘‘ज्या कामावर आपण जेवलो ते लपवायचे आणि मग त्यांच्या नावाने पान वाढायचे, हे जमणार नाही,’’ असे ते म्हणाले. प्रस्तुत लेखाचे सार त्या एका वाक्यात आहे. आज किती घरांत ट्रामचा कंडक्टर, वीजकंपनीचा तारवाला, गॅसच्या दिव्यांचा दिवेवाला असलेला पूर्वज तसबिरीत केवळ ‘कैलासवासी’ होऊन बसला आहे! मुंबईत विजेची ट्राम 1907 साली आली आणि 31 मार्च 1964 रोजी बोरीबंदर-दादर अशी शेवटची धावली. ती चालविणारे हात कोणाचे तरी आजोबाच होते. त्यांच्या कामाची लाज वाटत असेल, तर पिंडाला हात लावताना मनात श्रद्धा उरते कोठे?

आम्ही आता त्र्यंबकेश्वरी वास करतो. येथे कुशावर्तावर पितृकार्यासाठी मुंबईकर मंडळी मोठ्या संख्येने येतात. त्यांना आम्ही एक गोष्ट आवर्जून सांगतो. ज्या ब्रह्मगिरीवर गोदावरीचा उगम, त्याच डोंगररांगेत वैतरणा उगम पावते. गोदा पूर्वेस जाते, वैतरणा पश्चिमेस. मुंबईस 1860 साली विहारचे, 1892 साली तानसाचे पाणी मिळाले. ही तानसा वैतरणेचीच उपनदी. पुढे 1957 साली खुद्द वैतरणेवरील मोडकसागर आला, आणि 2014 साली मध्य वैतरणा. मेल्यावर वैतरणी पार करावी लागते असे गरुडपुराण सांगते. मुंबईकर जिवंतपणी रोज वैतरणा पितो. सुमारे शंभर किलोमीटरांवरून, डोंगर ओलांडून, नळांतून, झडपांतून ते पाणी आपल्या तांब्यात येते. अंगठा आणि तर्जनी यांमधील पितृतीर्थावरून आपण ते पितरांना देतो. पण मधल्या कितीतरी हातांनी ते आपल्याला आधी दिलेले असते.

यावर कर्मठ मंडळी म्हणतील, की विधीत नाव, गोत्र आणि रूप यांचाच उच्चार सांगितला आहे. त्यात धंद्याचा उल्लेख कोठून घुसवावयाचा? त्यांचे म्हणणे विधीपुरते यथार्थ आहे. आम्ही संकल्पात अक्षर बदलावयास सांगत नाही. तरुण मंडळी म्हणतील, की आठवणच काढावयाची तर तीळ, दर्भ आणि दक्षिणेकडे तोंड कशाला? त्यांनाही एवढेच सांगावेसे वाटते, की ज्या आठवणीला तिथी नाही ती कामाच्या धबडग्यात हरवते. विधी हे भांडे आहे आणि आठवण हे पाणी. भांड्यावाचून पाणी राहत नाही, आणि रिकाम्या भांड्याने तहान भागत नाही.

म्हणून, वाचकहो, विनंती एवढीच. यंदा महालयाची पाने उठल्यावर सर्वांना दहा मिनिटे बसवावे आणि घरातील वडीलधाऱ्याने पितामहांचे काम मुलांना सांगावे : ते कोठून आले, पहाटे किती वाजता उठत, हाताला घट्टे कशाचे होते, कोणत्या मोहाला त्यांनी नाही म्हटले. त्यांनी वापरलेली वस्तू घरात असेल तर ती मुलांच्या हाती द्यावी. तर्पण चालू असताना मोरीतला नळ वाहता ठेवू नये. आणि आपल्या विभागात आजही पहाटे चावी फिरवणारा जो कोणी असेल, त्याला त्या दिवशी प्रसादाचे पान पोचवावे. सर्व वर्णांच्या, सर्व धंद्यांच्या पितरांना ते पोचेल.

पितामहांना तर्पणात रुद्ररूप म्हटले आहे. रुद्राच्या मस्तकी गंगा आहे, हे आपण जाणतोच. आमच्या पितामहांच्या खांद्यावर एक लोखंडी चावी होती. पितरः तृप्यन्ताम्.