कीर्द, खतावणी आणि विषाणू

"कोणता अँटिव्हायरस चांगला गं?" घरी संगणक आला की महिन्याभरात हा प्रश्न पडतोच, आणि आमच्या गल्लीत तो माझ्याकडे येतो. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. संगणकशास्त्राशी माझा संबंध दोन पेपरांपुरता. परंतु पडद्यावरची इंग्रजी सूचना वाचून मी ती घरात मराठीत आणि समोरच्या अक्कांना कन्नडात सांगू शकते, एवढ्याच भांडवलावर मी गल्लीतली तज्ज्ञ ठरले आहे. माझे उत्तर ऐकून विचारणारे बहुधा नाराज होतात. कारण मी उलट विचारते, "तुमच्या फायलींची दुसरी प्रत कुठे ठेवली आहे? आणि तुमचे विंडोज विकतचे आहे की दुकानदाराने 'टाकून दिलेले'?" ह्या दोन प्रश्नांची उत्तरे नीट असतील तर अँटिव्हायरस कोणता, हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा. ती नीट नसतील तर बाजारातला सर्वांत महागडा अँटिव्हायरसही फारसा उपयोगी पडणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आपण मराठीत विषाणू म्हणतो, त्यात विष आहे. कन्नडात वैराणु म्हणतात, त्यात मला उगाचच वैर दिसते. असो. संगणकाच्या बाबतीत 'व्हायरस' हा शब्द अमेरिकेतील फ्रेड कोहेन ह्या संशोधक विद्यार्थ्याच्या १९८३-८४ मधील कामापासून रूढ झाला. १९८६ साली लाहोरच्या अल्वी बंधूंनी 'ब्रेन' नावाचा विषाणू तयार केला. पीसीवरचा पहिला विषाणू म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. गंमत अशी, की त्यात ह्या दोघा भावांनी आपले नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकसुद्धा लिहून ठेवला होता! आमच्या आज्ञावलीच्या चोरट्या प्रती निघत होत्या, त्या काढणाऱ्यांसाठी ही योजना होती, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे पीसीवरचा विषाणू जन्मला तोच मुळी चोरट्या प्रतीच्या भांडणातून. त्यानंतर सदतीस वर्षांनी तो आमच्या नात्यातल्या घरात शिरला, तोही त्याच दाराने.

वडगावात माझ्या काकांचे सहा यंत्रमाग आहेत. सूत कोणाकडून किती आले, साड्या कोणत्या व्यापाऱ्याकडे उधारीवर गेल्या, कोणत्या विणकराने किती उचल घेतली आणि किती फेडली, हे सारे पूर्वी लाल कापडी बांधणीच्या वहीत असे. २०२० च्या टाळेबंदीत मुलांच्या शाळेसाठी घरात जुना संगणक आला आणि हळूहळू कीर्द-खतावणी त्यात गेली. वही बंद झाली. २०२३ च्या दिवाळीनंतर एका सकाळी पाहतात तो सगळ्या फायलींच्या नावाला चार अक्षरांचे नवे शेपूट लागलेले, आणि प्रत्येक फोल्डरात एक इंग्रजी चिठ्ठी. फायलींना कुलूप घातले आहे, किल्ली हवी असल्यास ९८० डॉलर द्या; ७२ तासांत संपर्क साधलात तर निम्मे, म्हणजे ४९०. निम्मे म्हणजेसुद्धा सुमारे चाळीस हजार रुपये. "दिवाळीचा सेल अजून चालूच आहे म्हणायचा," असे काकू म्हणाली, पण कोणी हसले नाही.

हा 'स्टॉप' नावाने ओळखल्या जाणाऱ्या खंडणीखोर कुळातला विषाणू. मोठ्या कंपन्यांपेक्षा तो घरगुती संगणकांवरच अधिक पोसला गेला. त्याच्या जुन्या प्रकारांसाठी एम्सिसॉफ्ट ह्या कंपनीने २०१९ मध्ये मोफत साधन काढले. नव्या प्रकारांत मात्र ते क्वचितच चालते: विषाणूला कुलूप घालताना आपल्या मालकाच्या यंत्राशी संपर्क साधता आला नसेल तर तो सर्वांना एकच ठरावीक किल्ली वापरतो, आणि ती कधी हाती लागली तर फायली उघडतात, संपर्क झाला असेल तर प्रत्येक बळीची किल्ली निराळी. काकांच्या संगणकाचा संपर्क झाला होता. साधनाने 'अशक्य' असे उत्तर दिले. हा विषाणू घाईच्या पोटी प्रत्येक फायलीचा सुरुवातीचाच भाग गुंडाळतो, त्यामुळे आत्याच्या मुलीच्या लग्नाची लांबलचक चित्रफीत बरीचशी परत मिळाली. खतावणीची फाइल लहान, ती पुरती गेली.

पैसे दिले नाहीत, हे बरेच झाले. दिल्यावर किल्ली मिळेल ह्याची हमी कोण देणार? पण मग काकांनी सहाही विणकरांना बोलावले, नवी वही उघडली आणि प्रत्येकाने तोंडी सांगितलेला उचलीचा आकडा लिहून घेतला. एकाचा आकडा काकांच्या आठवणीपेक्षा कमी होता; काकांनी तोच लिहिला. दुसऱ्याने आपणहून जास्त सांगितला. व्यापाऱ्यांच्या बाबतीत इतके सरळ झाले नाही. ज्यांच्याकडे आपल्या बिलाची प्रत होती त्यांचे निभावले, बाकीच्यांशी अजून बोलणी चालूच आहेत. "आपल्याकडे चोरण्यासारखे काय आहे?" असे म्हणणारे मित्र मला नेहमी भेटतात. त्यांना मी सांगते, खंडणीखोराला तुमचे काही चोरायचे नसते. जे फक्त तुम्हालाच मोलाचे आहे, तेच तो तुम्हाला परत विकू पाहतो.

आता महत्त्वाची गोष्ट. ह्या संगणकावर पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस होता. त्याची मुदत संपायला चार महिने बाकी होते. माझ्या चुलतभावाला छायाचित्रे सजवण्याची एक महागडी आज्ञावली हवी होती, तिचा 'क्रॅक' त्याने कुठून तरी उतरवून घेतला. त्याबरोबरच्या सूचनांत पहिलीच ओळ अशी: आधी अँटिव्हायरस बंद करा. त्याने केला. पहारेकऱ्याला रजा देऊन चोराला चहा पाजण्यासारखेच हे. तरीही एकट्या त्याला दोष देणे मला पटत नाही. संगणक दुरुस्त करायला येणारा माणूस हेच करताना त्याने घरात तीन वेळा पाहिले होते. दुकानातला तो गृहस्थ येई, पाचशे रुपयांत 'फॉरमॅट मारून' देई, अँटिव्हायरस बंद करी, चोरटे विंडोज आणि ऑफिस चालू करणारी आज्ञावली फिरवी आणि पहारेकऱ्याला पुन्हा जागे करी. वर त्याच बिलात नव्या वर्षाचा अँटिव्हायरस विकी! भिंतीला भोक पाडणारा आणि कुलूप विकणारा एकच असल्यावर घरातल्या पोराने काय शिकावे?

चोरट्या विंडोजचा दुसरा तोटा सहसा कोणी सांगत नाही. 'पकडले जाऊ' ह्या भीतीने त्यातल्या दुरुस्त्या, ज्यांना आपण अपडेट म्हणतो, त्या बंद करून ठेवतात. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' हा विषाणू दीडशेहून अधिक देशांत पसरला. तो ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, दिलेली होती. जूनमध्ये 'नॉटपेट्या' आला. त्याने तेच भोक वापरले, शिवाय आणखीही वाटा वापरल्या. मर्स्क ह्या जहाज कंपनीची यंत्रणा बंद पडली आणि आपल्या जवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या टर्मिनलचे कामही अडले. बंदराची ही कथा, मग अपडेट बंद करून वर्षानुवर्षे चालणाऱ्या आपल्या यंत्रांची काय कथा? शिवाय विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या यंत्रांवर विंडोज ११ बसत नाही. विकतचे परवडत नाही ही अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. परंतु लिनक्स आणि लिबरऑफिस ही फुकट आणि राजरोस मिळणारी साधने आहेत; पत्र, तक्ता आणि सादरीकरण एवढ्यासाठी ती आपल्याला पुरून उरतात. चोरी न करता फुकट मिळणाऱ्या वस्तूकडे आपण पाठ का फिरवतो, हे मला न उलगडलेले कोडे आहे.

आता अँटिव्हायरसकडे वळते. विंडोजबरोबर २०१२ पासून 'डिफेंडर' नावाचा पहारेकरी आपोआप येतो. सुरुवातीला त्याची थट्टा होई. जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज ह्या स्वतंत्र संस्था सर्वांच्या परीक्षा घेऊन निकाल फुकट जाहीर करतात. त्यांच्या निकालांत गेली काही वर्षे तो चांगल्या पंक्तीत बसतो. माझ्या मते सामान्य घराला तो पुरेसा आहे. दोन पहारेकरी एकदम ठेवू नयेत, ते एकमेकांनाच चोर समजतात आणि संगणक मात्र बैलगाडीसारखा चालू लागतो.

विकतचा घेऊच नये असे मी म्हणत नाही. घरात वडीलधारी माणसे बँकेचे व्यवहार करत असतील आणि कंपनीकडे फोनवर आपल्या भाषेत बोलणारा माणूस मिळत असेल, तर त्या माणसासाठी पैसे मोजावेत. साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचे कैलास आणि संजय काटकर ह्या बंधूंनी पुण्यात उभी केलेली क्विक हील ही कंपनी आपल्याला ठाऊक आहे. थोरले बंधू दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करत, धाकट्यांनी संगणक शिकून विषाणूनाशक आज्ञावली लिहिली, आणि २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. वाणिज्याच्या वर्गात हे उदाहरण शिकवायला हवे. पण अभिमान निराळा आणि खरेदीचा निकष निराळा. तिचाही निकाल त्याच तक्त्यात पाहावा.

'फुकट' ह्या शब्दाचाही हिशेब तपासावा. अव्हास्ट ह्या प्रसिद्ध कंपनीने आपल्या ग्राहकांचा इंटरनेटवरील वावर एका उपकंपनीमार्फत विकला, म्हणून २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. आणि पहारेकरी कितीही मोठा असला तरी तोही चुकतोच. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पाडली, तेव्हा आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास दिले गेले. तेथे विषाणू नव्हताच!

ह्याउलट दुसऱ्या प्रतीचे पाहा. आपल्याला लेखाकर्मात सावधगिरीचे तत्त्व शिकवतात, राखीव निधी शिकवतात. पावतीपुस्तकात कार्बन घालायला तर शाळा न शिकलेला दुकानदारही विसरत नाही. मग संगणकातली खतावणी एकाच ठिकाणी कशी चालते? काकांचा तीन वर्षांचा सगळा हिशेब एका साध्या पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात मावला असता. आता त्यांच्याकडे दोन पेन ड्राइव्ह आहेत, एका शनिवारी एक, पुढच्या शनिवारी दुसरा. प्रत घेतली की तो काढून कपाटात जातो; कारण जोडून ठेवलेल्या पेन ड्राइव्हलाही हा विषाणू कुलूप घालतो. महिन्याच्या शेवटी उचलीचा तक्ता कागदावर छापून विणकरांच्या सह्या घेतात. ही शेवटची सूचना एका विणकराची, माझी नव्हे.

विषाणू शिरलाच तर काय करावे, तेही थोडक्यात सांगते. आधी इंटरनेटची तार काढावी. फायली पुसू नयेत. कुलूपबंद फायलींची प्रतसुद्धा ठेवावी, किल्ली पुढे कधी सापडू शकते, आणि 'नो मोअर रॅन्सम' ह्या २०१६ च्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात अशा किल्ल्या फुकट मिळतात. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदलावेत, पण दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून. कारण अशा क्रॅकबरोबर पुष्कळदा पासवर्ड चोरणारा जोडीदारही येतो. पैसे गेले असतील तर १९३० ह्या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. आणि पडद्यावर लाल चौकट येऊन 'तुमच्या संगणकात विषाणू आहे, ह्या नंबरवर फोन करा' असे सांगत असेल, तर ती चौकट म्हणजेच भामटेगिरी. खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो. एवढे एक वाक्य समोरच्या अक्कांना कन्नडात सांगितल्यावर त्यांचे दोन दिवसांचे भय गेले. इंग्रजीतली सूचना खरी की खोटी, हे इंग्रजी न वाचणाऱ्याने कसे ओळखावे, ह्याचा विचार ना विषाणू मारणारे करतात, ना विंडोज विकणारे.

म्हणून गुरुजनांपुढे एक मागणी ठेवते. प्रकल्प अहवाल सादर करण्याच्या दिवसांत आपण सारे आपापले पेन ड्राइव्ह घेऊन महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानांत जातो. एकच यंत्र दिवसाला शंभर पेन ड्राइव्ह तोंडात घेते, आणि संध्याकाळी फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट दिसू लागतात. ग्रंथालयात दाराजवळ एक यंत्र केवळ पेन ड्राइव्ह तपासण्यासाठी ठेवावे. त्याला इंटरनेटवरून अपडेट मिळत राहावे, पण त्यावर दुसरे काम करू देऊ नये. जुने यंत्रही चालेल, लिनक्स घालून. त्याच्यावर काय करावे आणि काय करू नये, ह्याचा फलक मराठीत आणि कन्नडात असावा. मराठी मजकूर मी लिहिला आहे, कन्नडाचा कच्चा खर्डाही केला आहे. तो कन्नड विभागातील कोणी तपासून दिला, तर परीक्षेच्या आधी फलक लागू शकेल.