मुंबईतल्या मुलाला ‘जेवलास का’ एवढेच विचारू नका

पाटण तालुक्यातून एका मातेचे पत्र आले आहे. मुलगा लोअर परळला एका कार्यालयात नोकरीस आहे. लालबागला गावकीच्या खोलीत आणखी चौघांबरोबर राहतो. गावी असताना तो रोज सायकलवरून कॉलेजला जात असे. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर. मुंबईत गेल्यापासून दोन वर्षांत त्याचे वजन अकरा किलोंनी वाढले, आणि नुकत्याच झालेल्या तपासणीत रक्तातील साखर काठावर निघाली. वय अवघे सव्वीस. ‘त्याला कोणते टॉनिक द्यावे?’ असा या माउलीचा प्रश्न आहे.

टॉनिक नको, हे तिला कळवले आहे. पण हा प्रश्न एका घरापुरता नाही, म्हणून आजचा लेख त्यावर. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत, आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरून माघारी फिरता येते. वजन थोडे उतरवले आणि शरीर रोज हलते ठेवले, तर अनेकांचा मधुमेह टळतो किंवा निदान पुष्कळ वर्षे लांबतो. एकदा घरात शिरला, की मग गोळ्या, पथ्य आणि डोळ्यांची, मूत्रपिंडांची काळजी जन्माची. आणि मुंबईत कमावता माणूस आजारी पडला, की तो परत गावीच येतो. त्याची शुश्रूषा आई किंवा बायकोच करते. तेव्हा त्याच्या तब्येतीचा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

माझ्या शिक्षणाची काही वर्षे परळला गेली. तेव्हा गिरण्यांचे भोंगे वाजत होते. सातारा, कोल्हापूर आणि कोकणातून आलेले हजारो गडी घरदार गावी ठेवून लालबाग, परळ, काळाचौकीच्या चाळींत राहत. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस माणसे. एक पाळी कामाला गेली की दुसरी त्याच वळकटीवर झोपायची. जेवण खाणावळवाल्या बाईकडे. याच खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. आणि संध्याकाळी किंवा पाळी सुटल्यावर व्यायामशाळा नाहीतर कबड्डीचे मैदान. जोर, बैठका, लाकडी मुद्गल, लाल माती. फी नाममात्र असे.

त्या दिवसांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. कापसाच्या धुळीने छातीचे विकार जडत. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळून येते, ही तक्रार गिरणी कामगारांत ठाऊक होती. क्षयरोग होता, तंबाखू होती, दारूही होती. पण एक गोष्ट त्या माणसांजवळ होती, जी आजच्या मुलाजवळ नाही. एखादा गडी तीन दिवस व्यायामशाळेत दिसला नाही, तर चौथ्या दिवशी कोणीतरी खोलीवर येऊन विचारत असे, ‘काय रे, बरा आहेस ना?’ ताट परत गेले तर खाणावळवाली विचारत असे. त्याची गैरहजेरी कोणाच्या तरी लक्षात येत होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर हे जग मोडत गेले. गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. मुले आजही आपल्याकडूनच जातात. कोणी संगणकासमोर बसते, कोणी दारावर बारा-बारा तास पहारा करते, कोणी मोटारसायकलवरून जेवणाची पाकिटे पोचवते. हातात मोबाईल आहे, हजार माणसांशी बोलणे आहे. पण दहा दिवस तो चालला नाही, हे सांगणारा शेजारी नाही. व्यायाम सुटतो तो आळसाने कमी आणि एकटेपणाने जास्त, असे माझे इतक्या वर्षांचे मत आहे. निश्चयाच्या बळावर व्यायाम दोन महिने चालतो. कोणीतरी आपली वाट पाहत आहे, या जाणिवेवर तो वर्षानुवर्षे चालतो.

दुसरी गोष्ट म्हणजे व्यायाम कामाच्या वाटेवरच असावा. १९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी दुमजली बसच्या चालकांची आणि वाहकांची तुलना केली. चालक दिवसभर बसलेला, तर वाहक दिवसाकाठी पाचशे-सातशे पायऱ्या चढणारा. वाहकांमध्ये हृदयविकार स्पष्टपणे कमी आढळला. घरे सारखी, पगार साधारण सारखे, फरक जिन्याचा. तशाच दुमजली बस मुंबईत १९३७ पासून धावत होत्या; त्यांपैकी जुन्या डिझेल गाड्या २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. सायकलचे म्हणाल, तर ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक लोकांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. कामावर सायकलने जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण, बसून प्रवास करणाऱ्यांच्या तुलनेत, ४१ टक्क्यांनी कमी होते. सारे श्रेय सायकलचेच असेल असे नाही. सायकल चालवणारा इतर बाबतींतही काळजी घेणारा असू शकतो. पण कल कोणीकडे आहे, हे उघड आहे.

मुंबईत सायकल चालवणे शक्य आहे का, असे वाचक विचारतील. मुंबईचे डबेवाले १८९० पासून डबे पोचवत आले आहेत. मावळ, खेड, जुन्नरकडची ही मंडळी; कित्येकांचे कुटुंब गावी. आजही दादर, परळ, गिरगावच्या रस्त्यांवर हँडलला आणि कॅरियरला डबे लटकावून त्यांची सायकल चाललेली असते. त्यांना वेगळी जिम लागत नाही. आणि त्यांचीही टोळी असते, मुकादम असतो. एक जण आला नाही तर लगेच कळते.

आता त्या मुलाचा हिशेब पाहा. लालबागहून लोअर परळ दोन-अडीच किलोमीटर. सिग्नल धरून सायकलने पंधरा मिनिटे. जाऊन-येऊन अर्धा तास, आठवड्याचे पाच दिवस. झाली दीडशे मिनिटे. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान एवढा मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मध्यम म्हणजे किती? बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत धाप लागावी. याखेरीज आठवड्यातून दोन दिवस जोर-बैठका काढल्या, की स्नायूंचेही काम झाले. वेळ नाही ही सबब इथे टिकत नाही, कारण तेवढा वेळ तो शेअर टॅक्सीच्या रांगेत आणि गर्दीत घालवतोच.

काही पथ्ये मात्र पाळावीत. सायकल जुनी घेतली तरी ब्रेक नवे टाकावेत. पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीटची उंची ठेवावी; बुटक्या सीटने गुडघे दुखतात. हेल्मेट, मागे लाल दिवा आणि पुढे पांढरा दिवा हवाच. ऑफिसच्या गर्दीआधी अर्धा तास निघावे. बस-ट्रकच्या डाव्या कुशीत कधीही शिरू नये. पाऊस जोराचा असेल त्या दिवशी सायकल खोलीवर ठेवून चालत जावे, कारण साचलेल्या पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. रात्रपाळी करून आलेल्याने आधी झोप घ्यावी, व्यायाम नंतर. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी सुरुवात डॉक्टरांना विचारून करावी. छातीत दुखले तर तिथेच थांबावे आणि लगेच रुग्णालय गाठावे.

ज्यांना सायकल जमणार नाही त्यांच्यासाठी वाटा आहेत. गिरगावात राहणाऱ्याला चौपाटीपासून मरीन ड्राइव्हचा साडेतीन किलोमीटरचा रस्ता फुकट आहे. दादरला शिवाजी पार्कवर १९२५ पासूनचे श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. तिथे मल्लखांब शिकवणारे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ १९५३ पासून काम करते. त्याच्या केंद्रांची चौकशी कामगारांनी जरूर करावी. वर्षाची फी आगाऊ भरून महिनाभर आरशात पाहण्यापेक्षा हे बरे.

जेवणाबद्दल थोडक्यात. वडापाव हा न्याहारीचा जिन्नस नव्हे आणि रात्रीच्या जेवणाचा तर नव्हेच. पोळी-भाजीबरोबर एक वाटी उसळ, ताक आणि दोन केळी एवढे खोलीवरही जमते. चौघांनी पाळीपाळीने कुकर लावला तर खर्चही वाचतो.

माझी खरी विनंती मुंबईतील ग्रामस्थ मंडळांना आहे. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी, यात्रेसाठी ही मंडळे हौसेने वर्गणी काढतात. त्याच वर्गणीतून गावकीच्या प्रत्येक खोलीसाठी दोन सायकली घ्याव्यात, व्हरांड्यात साखळी-कुलूप लावायची सोय करावी, आणि रविवारी सकाळी सगळ्या पोरांना एकत्र काढावे. कोण आला नाही, याची हजेरी एखाद्या ज्येष्ठाने घ्यावी. देवाची वर्गणी देवाच्या लेकरांसाठी खर्च झाली तर गावदेवी रागावणार नाही.

आणि घरच्यांना विनंती एवढीच. रात्री फोनवर ‘जेवलास का?’ हे आपण विचारतोच. त्याच्या जोडीला ‘आज सायकल काढलीस का?’ हेही विचारत जा. रोज विचारा. कोणीतरी विचारणार आहे, हे माहीत असलेला मुलगा सायकल काढतोच.