नावावर हक्क कोणाचा?

हार्ड डिस्कवरच्या फाइली झटपट शोधणारा ‘एफडी’ हा छोटा प्रोग्राम डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स वितरणांवर बसवला, की तो ‘एफडीफाइंड’ या नावाने चालवावा लागतो. फाइल रंगीत अक्षरांत दाखवणारा ‘बॅट’ तिथे बरीच वर्षे ‘बॅटकॅट’ म्हणून येतो आहे. नवीन वापरणारे वैतागतात. लिहिणाऱ्याने ठेवलेले नाव बदलणारे हे कोण, असे विचारतात. वैताग खरा आहे, पण तो चुकीच्या माणसांवर निघतो. ‘एफडी’ हे नाव डेबियनमध्ये एका जुन्या फाइल मॅनेजरकडे आधीपासून होते आणि ‘बॅट’ हे नाव ‘बॅक्युला’ या बॅकअप यंत्रणेच्या एका प्रोग्रामकडे. पॅकेज बांधणाऱ्या स्वयंसेवकांनी मनमानी केलेली नाही. आधीच्याचा हक्क राखला आहे.

डेबियनचा याबाबतचा नियम कडक आहे. वेगवेगळी कामे करणारे दोन प्रोग्राम एकाच नावाने बसवायचे नाहीत. कोणी नाव बदलायचे ते चर्चेने ठरवायचे, आणि एकमत झालेच नाही तर दोघांनीही बदलायचे. या शेवटच्या कलमामुळे ताठर राहून कोणाचाच फायदा होत नाही. कोणाचे वापरकर्ते जास्त, कोणामागे कंपनी मोठी, हे नियम विचारतच नाही.

याची खरी कसोटी ‘नोड’च्या वेळी लागली. हॅम रेडिओवाले संगणक रेडिओला जोडून एकमेकांना मजकूर पाठवतात. त्या जाळ्यातल्या केंद्रावर चालणारा ‘नोड’ नावाचा प्रोग्राम डेबियनमध्ये जुना होता. 2009 मध्ये नोडजेएस आले, काही वर्षांत वेब प्रोग्रामरांच्या तोंडी बसले, आणि त्याचाही प्रोग्राम ‘नोड’च. संख्येचा प्रश्न असता तर निकाल मिनिटात लागला असता. पण रेडिओची केंद्रे माणसांच्या वस्तीपासून दूर असू शकतात. तिथल्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘नोड’ असे लिहिलेले असते, आणि संपर्क आला की यंत्र स्वतःच तो प्रोग्राम सुरू करते. एखाद्या अपग्रेडनंतर त्याच नावाने भलताच प्रोग्राम उठला तर केंद्र बंद पडणार, आणि ते दुरुस्त करायला कोणाला तरी तिथवर जावे लागणार. वाद लांबला आणि 2012 मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीपुढे गेला. समितीने दोघांनाही नाव सोडायला लावले. जुना झाला ‘एएक्स25-नोड’, नवा ‘नोडजेएस’. आणि ज्याला ‘नोड’ हेच नाव हवे त्याच्यासाठी वेगळे जोडपॅकेज.

याची किंमत नोडजेएस शिकणाऱ्यांनी मोजली. जगभरच्या स्क्रिप्ट पहिल्याच ओळीत ‘नोड’ मागत होत्या आणि डेबियनवर ‘अशी फाइल नाही’ म्हणून थांबत होत्या. 2017 मध्ये समितीने आधीचा निर्णय मागे घेतला आणि ‘नोड’ हे नाव नोडजेएसला मोकळे केले. पाच वर्षे फार झाली, हे मला मान्य आहे. तरीही 2012 चा निर्णय योग्य होता असेच मी म्हणेन, कारण मूठभर रेडिओवाल्यांना उघड चर्चेत बाजू मांडता आली आणि नव्या नावाकडे वळायला वेळ मिळाला.

नोडजेएसच्या पॅकेजांचे भांडार असलेल्या एनपीएमवर 2016 मध्ये उलटे घडले. ‘किक’ या नावाच्या पॅकेजवर त्याच नावाच्या कंपनीने दावा सांगितला आणि एनपीएमने नाव तिला देऊन टाकले. चिडलेल्या प्रोग्रामरने आपली सगळी पॅकेजे काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे जेमतेम अकरा ओळींचे पॅकेज होते. त्याच्यावर विसंबलेले प्रकल्प काही तास जागोजाग अडकले.

म्हणून नवे साधन लिहिणाऱ्यांना आग्रहाने सांगावेसे वाटते: दोन-तीन अक्षरांचे सुटसुटीत नाव घेण्यापूर्वी डेबियन आणि फेडोरा या वितरणांच्या याद्यांत ते शोधा. याद्या सगळ्यांना खुल्या आहेत. लिनस टॉरवाल्ड्स यांच्या गिटलाही डेबियनमध्ये काही वर्षे ‘गिट-कोअर’ म्हणून राहावे लागले, कारण ‘गिट’ हे नाव ग्नू प्रकल्पाच्या एका जुन्या साधनसंचाकडे होते.

वितरणांवरही एक ठपका आहेच. घरातले तंटे ती नीट सोडवतात, पण शेजाऱ्याशी नावे जुळवत नाहीत. एकच अपाची सर्व्हर डेबियनमध्ये ‘अपाची2’ आणि फेडोरात ‘एचटीटीपीडी’. लायब्ररी वापरून प्रोग्राम बांधायचा तर इकडे शेपूट ‘डेव्ह’चे, तिकडे ‘डेव्हेल’चे. प्रोग्रामर हे पाठ करतो. पण लिब्रेऑफिसचे मेनू मराठीत हवे असलेल्या माणसाने डेबियनवर ‘लिब्रेऑफिस-एल10एन-एमआर’ शोधायचे आणि फेडोरावर ‘लिब्रेऑफिस-लँगपॅक-एमआर’. सगळे मराठी वातावरण एकदम हवे असेल तर इथे ‘टास्क-मराठी-डेस्कटॉप’, तिथे ‘लँगपॅक्स-एमआर’. मराठी भाषांतर ज्यांच्यासाठी झाले त्यांच्यापैकी किती जण ही नावे ओळखून तिथवर पोहोचतील? मेहनत झालेली आहे, ती यादीत पडून राहते.

यावर उपाय दोन्हीकडे तयार आहे. पॅकेजच्या माहितीत ‘प्रोव्हाइड्स’ नावाची एक ओळ असते. तिथे पर्यायी नाव लिहिले, की त्या नावानेही पॅकेज बसवता येते. मराठीच्या पॅकेजांपुरती ही जुळणी करायला एकेक ओळ पुरेल, आणि ती मागणी मराठी भाषांतराचे काम करणाऱ्या स्वयंसेवकांनी दोन्हीकडच्या बग-नोंदींत आजच टाकावी.